टॉवेलाचं बाळ

जया : नाही, तसं नका सांगू, आजी. 'समदं तुमी सांगितल्यागत केलं' हे सकाळपासून चौथ्यांदा ऐकतेय मी. तसं केलं असतं तर रवळू तिसऱ्यांदा या दवाखान्यात आला नसता.

गुणाबाई : मग काय सांगू? खोटं सांगू?

जया : एकेक सांगा. पहिल्यापासून. भरवताना त्याला कसं बसवत होता?

गुणाबाई : सरळ. माज्या मांडीवर, पाठ माज्या छातीला लावून. आडवं एक डाव बी घातलं न्हाय. शेजारची अंबुबाई रोज म्हनायची, गुणे, नातवाला पायावर आडवं घाल, बोंडल्यानं दूध सोड, आपली समदी पोरं तशीच वाढली. मी बोंडलं उचललं आनि माळ्यावर टाकलं. तुमी सांगितलासा म्हून.

जया : हनुवटी?

गुणाबाई : खाली. छातीकडं.

जया : आणि दूध? पातळ दूध देत होता?

गुणाबाई : पातळ कशाला दीन? नाचण्याचं सत्व. चमचा उपडा केला तरी ठिपका पडू नये, असं. तुमी बोट बुडवून दावलासा तसं. चमचा बी तुमी दिलेला, चा ढवळायचा. अर्धा भरायचा. घास दिला की गळ्याकडं बघायचं, गळा हलला की मग दुसरा. बघा, म्हनून दावलं. साठी उलाटली माजी आनि तुमी मला शाळंत उभी केलासा.

जया : मग घास श्वासाच्या नळीत गेला कसा? छातीत कफ झाला तो उगाच नाही झाला. एक्स-रे बघितलाय मी. उजवीकडची बाजू पांढरी आहे पूर्ण.

गुणाबाई : ते तुमाला म्हाईत. शिकलेल्या तुमी. मला एक सांगा बाई, ह्या खोलीच्या भायेर पाटीवर काय लिवलंय? शिपाई म्हन्ला, आजी, जिन्याखाली बोलायची बाई बसतीया, तिच्याकडं जावा. पोरगं पावणेतीन वर्साचं झालं, आई म्हनत न्हाय, आजी म्हनत न्हाय, म्हून तुमच्याकडं आनलं. आनि तुमी वर्सभर त्याला खायलाच शिकिवलासा. बोलायचं राहिलं बाजूला.

जया : तोंड तेच आहे ना, आजी? ओठ तेच, जीभ तीच, गळा तोच. जन्मल्यापासून नाकातल्या नळीनं दूध घेतलंय त्यानं. तोंड कशासाठी असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. चमचा दिसला की किंचाळायचा. त्यात काळजाला भोक. चार घास खाल्ले की धाप लागते, कपाळाला घाम येतो. धाप लागली की श्वास कधी घ्यायचा आणि गिळायचं कधी, याचा मेळ राहत नाही त्याला. म्हणून तर जाताना तुम्हाला सांगितलं होतं, दमला की थांबायचं. थांबलात?

गुणाबाई : तुमी काय म्हन्लासा ते मी सांगू? 'आजी, तो सवता सांगंल. त्यानं सांगितलं की थांबा.' असंच म्हन्लासा का न्हाय?

जया : असंच म्हणाले.

गुणाबाई : म्या वाट बघितली. त्यानं सांगितलं न्हाय.

जया : असं होणारच नाही. इथं वॉर्डात तो प्रत्येक वेळी सांगायचा. एकदाही चुकला नाही. सात महिने लागले मला त्या एका शब्दाला! गळ्याला बोट लावून, आरसा धरून, कितीतरी दुपारी नुसतं त्याच्यासमोर बसून. आणि आता ऑक्सिजन काढून चार दिवस झाले, मी रोज सत्व घेऊन वर जाते, आणि हा डोळे मिटतो, आ करतो आणि गिळत राहतो. ओठ निळे पडायला लागले तरी गिळतो. मलाच चमचा खाली ठेवायला लागतो. एक शब्द होता त्या पोराकडं, आजी. एकच. तुमच्या घरी दीड महिना राहिला आणि तो पण गेला. काय केलंत तुम्ही?

गुणाबाई : म्या काय केलं? म्या खाल्ला काय शबुद त्याचा? सून बाळंतपनाला म्हायेरी गेलती, चंदगडकडं. भात लावायचं सोडून मी ह्याला मांडीवर घिऊन बसले. एका जेवनाला दोन तास. दिवसातनं पाच डाव. आनि तुमी मला इचारता काय केलंत.

जया : मला तसं नव्हतं म्हणायचं.

गुणाबाई : तसंच म्हनायचं हुतं. आनि आता मी बोलते, तुमी ऐका. तुमच्या वार्डात मला कवा घेतलासा? जेवनाच्या टायमाला नातेवाईक भायेर. तीन म्हयनं व्हरांड्यात बसले, पायरीवर. आत माजा नातू काय करतोय, कसं खातोय, काय म्हनतोय, मला दिसलं न्हाय का ऐकू आलं न्हाय. घरी सोडायच्या दिवशी बलावलासा. पोरगं झोपल्यालं. उठवू नका म्हन्लासा. एक टॉवेल घेतलासा, त्याला गाठ मारून डोकं केलासा आनि ते टॉवेलाचं बाळ माज्या मांडीवर दिलासा. म्या चमचा दावला, तुमी बरुबर बरुबर म्हन्लासा. जांबोटीची मोटार सुटायची हुती, मी गेले. टॉवेल कुटं बोलतोय, बाई?

जया : बरोबर आहे तुमचं. ते मी चुकले. पण आजी, मला हे कळल्याशिवाय पुढं काही करता येणार नाही. जरा आठवा. पाच-सहा घास झाल्यावर तो काहीच म्हणायचा नाही?

गुणाबाई : पुरे न्हाय म्हन्ला. बास न्हाय म्हन्ला. नगं न्हाय म्हन्ला. ह्यातला एक बी शबुद न्हाय. कान देऊन बसत हुते मी. उलाटा अजून मागायचा.

जया : अजून मागायचा? रवळू?

गुणाबाई : साकर मागायचा.

जया : काय मागायचा?

गुणाबाई : साकर वो. सा-सात घास झालं की 'साक, साक'. र येत न्हाय की अजून जिभंवर. पयल्या दिवशी म्हन्ला तवा मला एवढं रडू आलं बाई, लेकरानं जल्मात पयल्यांदा तोंडानं कायतरी मागितलं. चिमूटभर साकर घासावर टाकली. ती टाकली की दोन-तीन चमचं ज्यास्त जायाचं बघा. परत 'साक'. परत चिमूट. रेशनची साकर, समद्या घरानं चा गुळाचा पिला, साकर त्येच्यापुरती डब्यात ठिवली.

जया : आजी.

गुणाबाई : मग एक दिवस मागायचंच सोडलं. म्हन्लं, गोडाला इटलं वाटतं. तरी म्या घालत हुतेच.

जया : कधी सोडलं?

गुणाबाई : हितं आनायच्या आदी आठ-धा दिस. का वो? तोंड असं का केलासा? साकर वाईट काय काळजाला?

मष्णू : म्याडम, आत येऊ काय? फोरमननं अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, तसाच पळत आलोय. वेल्लूरच्या दवाखान्याचं पत्र आलंय. माझ्या पोराच्या काळजाच्या ऑपरेशनची तारीख पक्की. पुढच्या म्हयन्याची नऊ. आज धरून एकोणीस दिवस. वजन नऊ किलो भरलं पाहिजे म्हणून खाली रेघ मारून लिहिलंय. आज किती भरलं?

जया : आठ किलो शंभर.

मष्णू : आँ? आठ किलो आठशे होतं की, मागच्या रविवारच्या मागच्या रविवारी! माझ्या डोळ्यांनी बघितलंय, दुकानच्या तागडीत.

जया : अकरा दिवस न्युमोनिया होता त्याला. चढलेलं सगळं उतरलं. बसा, मष्णूराव. तुम्ही आलात ते बरं झालं. तुम्हाला कानडी येतं ना?

मष्णू : येतंय की. उद्यमबागेतल्या कारखान्यात कानडीशिवाय कुठं चालतंय. आमचा फोरमन यल्लाप्पा धारवाडकडचा, शिव्यासुद्धा कानडीतच देतोय.

जया : मग 'साक' म्हणजे काय, ते आजींना सांगा.

मष्णू : म्याडम, ते आता कशाला? एकोणीस दिवसांत नऊशे ग्रॅम कसं चढवायचं, त्याचं बोलूया की.

जया : सांगा. मला सांगवत नाही, म्हणून तुम्हाला म्हणतेय.

मष्णू : साक म्हणजे पुरे, आये.

गुणाबाई : कशाचं पुरे?

मष्णू : जेवताना म्हणतात कानडीत. साक म्हणजे पुरे, आता वाढू नका.

गुणाबाई : कानडीत? आमच्या रवळूला कानडी कोन शिकिवलं? जांबोटीत कानडी कोन बोलतंय? कंडक्टर बोलतोय तेवढंच.

जया : यल्लव्वा म्हणून आया होती वॉर्डात. गोकाककडची. आता दुसऱ्या मजल्यावर बदली झाली तिची. ती भरवताना दर घासाला विचारायची, 'साका?' पुरे का, म्हणून. एक दिवस तो म्हणाला, 'साक'. मला इतका आनंद झाला, आजी, खाली येऊन या खुर्चीत रडले मी. त्याला जमलेला पहिला शब्द. तो मी घट्ट धरला, रोज म्हणून घेतला. कुठल्या भाषेतला, ते डोक्यातसुद्धा आलं नाही. आणि मी कोण? निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती माझी, घरात मराठी, शाळा मराठी. कानडी म्हैसूरला जाऊन शिकले, बोलायचं शास्त्र त्या भाषेत शिकले, आणि हे लेकरू कुणाच्या घरी जाणार आहे एवढं विचारायला विसरले.

गुणाबाई : म्हंजे तो मला पुरे म्हनत हुता.

जया : आजी, यात तुमची काही—

गुणाबाई : थांब गं. मला नीट लावून घिऊ दे. तो पुरे म्हनला, म्या साकर घातली. तो परत पुरे म्हनला, म्या परत घातली. पाच डाव दिवसातनं.

जया : तुम्हाला कसं कळणार?

गुणाबाई : शेवटी म्हनायचं सोडलं त्यानं. म्हन्ला आसंल, हिला काय उपेग न्हाय सांगून.

मष्णू : आये, तू मनाला लावून घेऊ नकोस. झालं ते झालं.

गुणाबाई : मष्ण्या, हिकडं बघ.

मष्णू : काय?

गुणाबाई : तू शनवारी रातीच्या मोटारीनं येतूस. रव्यवारी सकाळी पोराला जोकायला दुकानात नेतूस. त्याच्या आदी मी त्याला भरवते. चुलीम्होरं. तू तिथंच चा पीत बसल्याला असतूस.

मष्णू : व्हय. मग?

गुणाबाई : तुला कानडी येतंय. तुला ऐकू आलं न्हाय?

मष्णू : आये, दवाखान्यात नको हे.

गुणाबाई : आलं का न्हाय तेवढं सांग.

मष्णू : आलं.

जया : काय?

मष्णू : आलं, म्याडम. पयल्या रविवारीच आलं. सांगणारच होतो. तोंड उघडलं पण. तेवढ्यात आयेनं साखर टाकली आणि पोरानं तीन घास जादा खाल्ले. तागडीत घातलं तर दीडशे ग्रॅम चढलेलं. वर्षभरात आठवड्याला दीडशे कधी चढलं नव्हतं. म्हटलं, चाललंय ते चालू दे. नऊ किलो भरलं की सांगू आयेला, साक म्हणजे काय ते.

गुणाबाई : किती रव्यवार?

मष्णू : पाच.

गुणाबाई : पाच रव्यवार तुज्या म्होरं पोरगं पुरे पुरे म्हनत हुतं, आनि तू चा पीत हुतास.

मष्णू : मग मी काय करायला पाहिजे होतं? सांगा की दोघी मिळून! ह्या म्याडम म्हणतात थांबा, दमवू नका. वरचे डॉक्टर म्हणतात वाढवा, लवकर वाढवा. वेल्लूरवाले म्हणतात नऊ किलो, त्याच्या खाली चाकू लावत न्हाय. पोराचं तोंड एवढंसं आणि सांगणारे तिघं. ही तारीख गेली तर पुढची सात म्हयन्यांनी. सात म्हयने ते काळीज चालंल काय, म्याडम? द्या लिहून. तुम्ही लिहून द्या, मी आत्ता ह्या पत्राचे तुकडे करतो.

जया : लिहून नाही देता येत मला.

मष्णू : बघा. म्हणजे तुम्हाला पण ठाऊक न्हाय.

जया : नाही ठाऊक. पण तुम्ही चढवलेलं वजन आज कुठं आहे, ते ठाऊक आहे. पाच आठवड्यांत चढलं, अकरा दिवसांत गेलं, वर त्याच्या अंगचं आधीचं दोनशे ग्रॅम घेऊन गेलं. दमल्यावर जे भरवलं ते पोटात नाही गेलं, मष्णूराव. छातीत गेलं. आणखी एकदा असा ताप आला, तर वेल्लूरला न्यायला काही राहणार नाही. हे मात्र लिहून देते. देऊ?

मष्णू : नको.

जया : मला पण राग येतोय. तुमचा येतोय, माझा येतोय. वर्षभर मान मोडून एक दार उघडलं त्या पोरानं, आणि आपण तिघांनी मिळून ते बाहेरून लावलं.

गुणाबाई : मी जाते.

जया : कुठं?

गुणाबाई : व्हरांड्यात. माजी जागा तीच. सून आली की तिला शिकवा. मी आता त्या पोराला हात लावनार न्हाय.

जया : सून महिन्याच्या बाळाला घेऊन चंदगडात आहे. तिला यायला महिना लागेल. तोवर कोण भरवणार? मी तर काही जांबोटीला येणार नाही.

गुणाबाई : कुनीबी भरवा. माज्या हातानं नगं.

जया : तुमच्याच हातानं पाहिजे. नीट ऐका. त्यानं बोलायचं कुणासमोर सोडलं? तुमच्यासमोर. मी दिवसभर 'साक' म्हण म्हटलं तर तो कशाला म्हणेल? माझ्यावर त्याचा राग नाही. ज्या माणसाला सांगून उपयोग झाला नाही, त्याच माणसानं ऐकलं पाहिजे. तेव्हा कुठं त्याला वाटेल, सांगायला अर्थ आहे.

गुणाबाई : आनि न्हाय म्हन्ला तर?

जया : तर रोज बसू. आता त्याला नाही शिकवायचं, आजी. तुम्हाला शिकवायचं.

गुणाबाई : माजं वय काय, आनि मी कानडी शिकू? मोटारीत कंडक्टरनं इचारलं तरी मी बोट दावते.

जया : कानडी सगळं नको. एक शब्द. साका?

गुणाबाई : साका.

जया : असं नाही, विचारल्यासारखं म्हणा. शेवट वर उचला. साकाऽ?

गुणाबाई : साकाऽ? ...हसू नगंस रं मष्ण्या.

मष्णू : हसत न्हाय, आये. म्याडम, त्यापेक्षा त्याला मराठी शिकवा की. बास म्हणू दे. घरच्यांना तरी कळंल. उद्या मोठा झाल्यावर गावात काय म्हणतील, मष्णूचं पोरगं कानडी बोलतंय?

जया : शिकवीन. बास पण येईल, पुरे पण येईल, तुमच्या गावच्या शिव्या पण येतील. पण हातात असलेला एकच शब्द काढून घेऊन दुसरा नाही देत मी. आधी हा परत येऊ दे. तो ज्या भाषेत येईल त्या भाषेत.

गुणाबाई : पोरी, एक इचारू? चुकलं तर सांग.

जया : विचारा.

गुणाबाई : पुरे म्हनायला त्याला शबुद दिलासा. आनि पायजे म्हनायला? भूक लागली तर काय म्हनायचं त्यानं? आजी, अजून दे, हे कसं म्हनायचं? त्याच्यापाशी नगंचाच शबुद हाय नुसता. मग त्यानं त्वांड उगडलं तर मला काय कळंल, भुकंनं उगडलंय का माज्या भ्यानं?

जया : ते नाही दिलं मी. सुचलंच नाही. तो गुदमरू नये, त्याच्यापुढं माझी मजल गेली नाही कधी.

मष्णू : बेकु म्हणतात. पाहिजेला. बेकु.

गुणाबाई : बेकु. हे सोपं हाय. बकरीगत.

जया : चला वर. जेवणाची वेळ झालीय.

गुणाबाई : मला आत घेनार हाय काय तुमची शिस्टर?

जया : घेईल. नाही घेतलं तर मी बाहेर येऊन तुमच्या पायरीवर बसते, बघू काय करते ती.

(वरचा मजला. मुलांचा वॉर्ड, खिडकीशेजारची कॉट.)

गुणाबाई : रवळोबा. ए माज्या राजा. आजी आली बघ. किती रं वाळलास. हाताच्या काड्या झाल्या.

जया : त्याला मांडीवर घ्या. हं. पाठ टेकवा. मष्णूराव, तुम्ही त्याच्या समोर उभे राहू नका, तो चमच्याकडं न बघता तुमच्याकडं बघतो. इकडं, माझ्या बाजूला या.

मष्णू : सत्व एवढंच? वाटी अर्धी पण न्हाय.

जया : एवढंच.

गुणाबाई : घे. आऽ. ...गेला. गळा हलला. हा दुसरा. आऽ.

मष्णू : बघा, खातोय की झकास.

जया : डोळे बघा त्याचे. मिटलेत.

गुणाबाई : व्हय. घरी बी असंच करायचा शेवटी शेवटी. मला वाटायचं, गोड लागतंय म्हून मिटतोय. रवळू, हिकडं बघ. साकाऽ?

मष्णू : दोन घासाला कशाला विचारतीस?

गुणाबाई : तू गप. साकाऽ, राजा?

जया : थांबा, आजी. तोंड उघडलंय त्यानं, पण घालू नका.

गुणाबाई : आ करून बसलाय की.

जया : सवयीनं केलाय. चमचा वाटीत ठेवा. वाटी खाली ठेवा. त्याला दिसू दे ठेवलेली.

मष्णू : म्याडम, उघडलेलं तोंड—

जया : मष्णूराव, पाया पडते तुमच्या, पाच मिनिटं गप्प राहा.

गुणाबाई : ठिवली. ...बघतोय. डोळं उगडलं. वाटीकडं बघतोय, माज्याकडं बघतोय. काय रं? घातलं न्हाय म्हून बघतूस? न्हाय घालत. तू म्हन्लास तर घालीन. बेकु?

जया : बोलत राहा. हळू.

गुणाबाई : बेकु, रवळू? पायजे? ...हात फुडं केला, बाई. वाटीकडं हात केला.

जया : द्या. तो हात म्हणजे शब्दच धरा आज. अर्धा चमचा.

गुणाबाई : घे. हं. ह्या डावाला डोळं न्हाय मिटलं. ...अजून? बेकु? परत हात. घे. चार झालं.

मष्णू : हा पाचवा.

गुणाबाई : पाच झालं. कपाळ जरा वलं लागतंय हाताला. धाप बी लागलीया. साकाऽ, माज्या लेकरा? मी ऐकत्ये. आता मी ऐकत्ये, बघ. साकाऽ?

जया : घाई नको.

मष्णू : न्हाय बोलत तो. सोडलं त्यानं. आजचा दिवस—

जया : श्श.

गुणाबाई : म्हन्ला.

मष्णू : काय म्हणाला? मला न्हाय ऐकू आलं.

गुणाबाई : मला आलं. नुसता वारा आला तोंडातनं, पन म्हन्ला. माज्या गळ्यापाशी तोंड हाय त्याचं. ...बघा, परत म्हन्ला. साक.

जया : ऐकलं. मी पण ऐकलं या वेळी.

गुणाबाई : ही बघ ठिवली वाटी. खाटेच्या खाली सारली. संपलं. न्हाय आता, कोन बी घालनार न्हाय तुला. निज हितंच, माज्या अंगावर.

मष्णू : पाच चमचे. अर्धे अर्धे. म्याडम, पाच चमच्यांत नऊशे ग्रॅम?

जया : एकोणीस दिवसांत होणार नाही, मष्णूराव. मी सकाळपासून सांगायचं टाळतेय. मी तुमच्या वरच्या डॉक्टरांशी बोलेन, वेल्लूरला पत्र लिहायला सांगेन. मधली एखादी तारीख मिळाली तर बघू. मिळेल असं म्हणत नाही.

मष्णू : आणि मी काय लिहू त्यांना? तारीख चुकवायला कारण पाहिजे की कायतरी.

गुणाबाई : हळू बोल, झोपतोय तो. लिव की, पोरगं बोलाय लागलंय. वजन मागनं यील.